नऊ बाराची पोच

लिफ्टच्या मिस्त्रीला कंपनीत सगळे काटकोन म्हणत. पंचावन्न वर्षांत तो कुणापुढे वाकल्याची नोंद नव्हती. वाकायचा तो फक्त लिफ्टखालच्या खड्ड्यात, आणि तिथंही म्हणे लिफ्टच जरा वर सरकून त्याला जागा करून द्यायची.

हा काटकोन बुधवारी संध्याकाळी घरी आला तो असा तापलेला, की थर्मासमधलं सकाळचं गार पाणी पुन्हा उकळायला लागलं. शेजारी अजून शपथेवर सांगतात.

दार थोरल्या बहिणीनं उघडलं. ताईनं टपाल कचेरीत चौतीस वर्षं पत्रं खणाखणांत लावली होती. पाकीट नुसतं हातावर तोललं की आत राजीनामा आहे की लग्नपत्रिका ते तिला कळायचं, पण दुसऱ्याचं पाकीट तिनं जन्मात उघडलं नव्हतं.

"कुणाशी भांडलास?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर आपटला. "सही कर म्हणतात. उद्या दहा वाजेपर्यंत."

कागदावर लिहिलं होतं, की शाळेच्या इमारतीतली लिफ्ट बंद ठेवण्याची सूचना वाचूनही आपण ती बंद केली नाही, यात आपला हलगर्जीपणा झाला. खाली सहीला जागा होती. सही केली की मिस्त्रीचं लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं की लिफ्टला हात लावणं बंद. तीस वर्षांत तो दुसरं काही शिकला नव्हता. घरातला बल्बसुद्धा ताईच बदलायची.

घडलं होतं ते एवढंच. मंगळवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मॅनेजरनं मेल पाठवला: शाळेच्या लिफ्टच्या दाराचं लॉक संशयास्पद आहे, लगेच जाऊन लिफ्ट बंद करा. पावणेदहाला ते लॉक अडकलं. एक बाई, गणिताच्या शिक्षिका, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे तीन तास उभ्या राहिल्या. अंधारात. काटकोनानं त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्या वर्गाकडे गेल्या नाहीत. नुसत्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. काटकोनाच्या डोळ्यांसमोरून ते जात नव्हतं.

"आणि तू मेल वाचला होतास?"

"मी कुठला वाचतोय? मी दुसऱ्याच इमारतीत, नऊ मजले खाली खड्ड्यात होतो. लॅपटॉप वर मशीनच्या खोलीत. पण टिकमारकडे पुरावा आहे म्हणे. नऊ वाजून बारा मिनिटांनी मेल उघडला, अशी पोच आली त्याला."

टिकमार म्हणजे मॅनेजर. कामापेक्षा कामापुढची टिक त्याला प्यारी. स्वतःच्या जेवणापुढंही टिक मारून मगच ढेकर द्यायचा, असं कंपनीत बोललं जाई.

"त्यानं फोन का नाही केला?"

"विचारलं. तर म्हणतो, फोनचा पुरावा राहत नाही." काटकोनानं मूठ आवळली. "बाई लटकत होती तिथं, आणि ह्याला पुरावा हवा होता."

ताईनं कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "लॅपटॉप आण."

निवृत्तीनंतर ताई हे यंत्र शिकली होती ती परदेशातल्या एका म्हाताऱ्याशी मेलवरून बुद्धिबळ खेळण्यासाठी. त्या म्हाताऱ्याला तिनं सात वर्षं एका हत्तीच्या जोरावर झुलवत ठेवलं होतं. तिनं मेलची खिडकी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"वीस हजार मेल? अरे, ही पेटी आहे की उकिरडा?"

"दिवसाला दोनशे येतात. टिकमार शिंकला तरी मेल करतो."

"मग खण करायला काय झालं होतं? आणि ही उजवीकडची चौकट कशाला उघडी ठेवलीस?"

"ती आपोआप असते. वरचा मेल तिच्यात दिसतो."

ताईचे हात थांबले. "हात मांडीवर ठेव," ती म्हणाली. तिनं आपल्या फोनवरून, त्याच्या कंपनीच्या खात्यातून, त्यालाच एक मेल पाठवला आणि स्वतःचेही हात मांडीवर ठेवले. फोटोला बसल्यासारखी दोघं भावंडं लॅपटॉपकडे बघत राहिली. मेल आला, यादीच्या टोकाला बसला, आणि चौकटीत उलगडला. कुणी बोट लावलं नव्हतं. थोड्याच वेळात ताईच्या फोनवर दुसरा आला: आपला मेल उघडला गेला आहे.

"बघ," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की काटकोनाला स्वतःच्या रागाचा विसर पडला. "तुमच्या कंपनीच्या प्रत्येक मेलच्या पोटात एक चित्र आहे. ठिपक्याएवढं. डोळ्याला दिसत नाही. मेल उलगडला की ते आणायला हे यंत्र परस्पर बाहेर जातं, आणि तिकडं घंटा वाजते. माणूस खड्ड्यात असो नाहीतर स्मशानात. आमच्याकडे कुणी नुसतं पाकीट उजेडात धरून बघितलं तरी घरी पाठवायचे. आणि हे मेले पाकिटातच डोळा चिकटवून पाठवतात."

तिनं चौकट बंद केली. बाहेरून चित्रं आणू नकोस, असं यंत्राला बजावलं. नवा मेल आला की वाजणारी किणकिणही बंद केली. मग बाह्या सरसावून खण पाडायला बसली: टिकमारच्या शिंका एकीकडे, इमारतींच्या तक्रारी दुसरीकडे, सुट्या भागांच्या मागण्या तिसरीकडे. वीस हजार मेल तिनं भात शिजेपर्यंत लावले. टपाल कचेरीची सवय, दुसरं काय.

तिसऱ्या खणात तिला मिस्त्रीचाच एक जुना मेल सापडला. तीन महिन्यांपूर्वी टिकमारला पाठवलेला: शाळेच्या लिफ्टचं लॉक झिजलंय, नवीन द्या, नाहीतर माणूस अडकेल.

"हे लिहिलं होतंस, आणि मला सांगत नाहीस?"

"लिहिलं होतं खरं. उत्तर आलं नाही. मग रोजच्या दोनशेत गाडलं गेलं." त्याचा चेहरा पडला. "मीही पुन्हा विचारायला हवं होतं, ताई."

"हवं होतं. ते तू त्या बाईंना सांग. टिकमारला आपण हे दाखवू." ती एका खणाकडे बोट दाखवत होती. तो खण तिनं पाडलाच नव्हता. आधीपासून होता, त्याच्यावर 'पोच' असं लिहिलं होतं, आणि काटकोनानं तो कधी उघडला नव्हता. ठिपका प्रत्येकाच्या मेलमध्ये होता. त्याच्याही. टिकमारच्या हुकुमानंच.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कंपनीच्या मालकीणबाईंच्या खोलीत टिकमारनं नऊ बाराची पोच छापून समोर ठेवली. "बाई, मिस्त्रींनी मेल उघडलाय. यंत्र खोटं बोलत नाही."

"बोलत नाही ना?" काटकोनानं खात्री करून घेतली.

"अजिबात नाही."

मग काटकोनानं आपल्या पिशवीतून एकेक कागद काढून मांडला. लॉकबद्दलचा तीन महिन्यांपूर्वीचा मेल. तो मॅनेजरांनी उघडल्याची पोच. पुन्हा उघडल्याची. पुन्हा. बारा कागद झाले तेव्हा टेबलावर बाईंच्या कपाला जागा उरली नाही.

बाई प्रत्येक तारीख वाचत गेल्या. "अकरा वेळा उघडलात," त्या टिकमारला म्हणाल्या, "आणि लॉक दिलं नाहीत."

"बाई, उघडला म्हणजे वाचला असं कुठं असतं?" टिकमार घाईनं म्हणाला. "ते बाजूच्या चौकटीत आपोआप उघडतं. मी कदाचित जागेवरही नसेन."

वाक्य तोंडातून निघून गेलं होतं, आणि टिकमारचा हात ते परत घ्यायला निघाल्यासारखा अर्धवट वर आला होता.

काटकोनानं सहीचा कागद उलटा करून त्याच्यापुढं सरकवला. "हेच लिहा, साहेब. मागच्या बाजूला. आणि सही करा."

टिकमारनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेनाचं टोपण काढून दिलं.

सही झाल्यावर बाई म्हणाल्या, "मिस्त्री, लायसन्सला काही होणार नाही. आता राग सोडा."

"सोडणार नाही, बाई. तीन तास मी नव्हतो अडकलो. लॉक द्या."

लॉक त्याच दुपारी आलं. बसवून झाल्यावर काटकोन गणिताच्या बाईंच्या वर्गाबाहेर तास संपेपर्यंत थांबला. आपण एकदाच लिहून गप्प बसलो, हे त्यानं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि त्या दिवशीही जिन्यानंच गेल्या.

काटकोन आता मेल दिवसातून दोनदा बघतो, सकाळी आणि चारला. त्याच्याकडून टिकमारला एकही पोच जात नाही. त्यामुळं परवा टिकमारला मेल वाचला का ते विचारायला स्वतः यावं लागलं. लिफ्ट दुरुस्तीला उघडलेली. नऊ मजले चढला, मशीनची खोली रिकामी. नऊ मजले उतरला. खड्ड्याच्या काठावर पोचला तेव्हा त्याच्या शर्टातून म्हणे बादलीभर घाम निघाला.

"मेल... वाचला का?" त्यानं खाली वाकून विचारलं.

"हात गुंतलेत, साहेब," खालून आवाज आला. "काही घाईचं होतं तर फोन करायचा."