चार बोटं खाली

मास्तरांचे गुडघे हल्ली सकाळी उठताना हटून बसायचे. पन्नास वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारलेले पाय ते, आता कुणाचं ऐकतायत! लेक अ‍ॅक्युप्रेशर शिकलेली. बाहेरची माणसं तिच्याकडे दुखणी घेऊन यायची, पण मास्तरांनी तिला पायाला हात म्हणून लावू दिला नव्हता. या विद्येत आपल्याला कुणी काय शिकवावं, असा त्यांचा तोरा होता.

त्याला कारण त्यांची बायको. ती दुकानात दिवसभर मांडी घालून काज-बटणं करायची आणि संध्याकाळी तिला उठवत नसे. एका गिऱ्हाइकाने मास्तरांना जागा सांगितली: गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं खाली, नडगीच्या जरा बाहेर. तेव्हापासून दुकान आवरलं की ती स्टुलावर पाय ठेवायची आणि मास्तर अंगठ्याने दाबत बसायचे. कोणाचं पोट सुटलं, कोण मापं देताना श्वास ओढून धरतो, अशी गिऱ्हाइकांची यथेच्छ टिंगल चालायची. मग ती म्हणायची, "मोकळं वाटलं हो." ती गेल्यावर मास्तरांच्या गाठीला एवढंच उरलं होतं, की तिचं दुखणं आपण हलकं केलं.

आज मात्र खुर्चीतून उठवेना, तेव्हा ते लेकीला शरण गेले. तिने अंगठा दाबला तशी कळ पार घोट्यापर्यंत गेली आणि पाय सैल पडला.

"अगं, एवढ्या वर नसते ती जागा."

"हीच आहे. चार बोटं मोजा ना."

मास्तरांनी आपली बोटं लावली. जागा बरोबर जुळली.

"मग तुझ्या आईची एवढी खाली कशी यायची?"

"तुम्ही तुमची बोटं लावत होतात, बाबा. ज्याचा पाय त्याचीच बोटं लावायची असतात."

मास्तरांचा चेहरा पडला. बायकोचा हात तो केवढासा. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तानसुद्धा गळून पडायचं. जन्मभर ज्याने प्रत्येकाचं माप ज्याच्या त्याच्या अंगावर घेतलं, त्याने तिचं तेवढं स्वतःच्या हाताने घेतलं होतं.

"तिला माहीत होतं?"

लेक जरा घुटमळली. "मी शिकले तेव्हाच सांगितलं होतं. दुपारी मी दाबून द्यायचे. पण आईने मला दम भरलान्, त्यांना सांगशील तर बघ. लगेच म्हणतील तूच दाब, आणि बसतील पेपर वाचत."

मास्तर हसायला लागले. पेपर वाचत बसले असते, यात शंकाच नव्हती.

लेकीने पुन्हा अंगठा टेकवला. त्यांनी तो धरून दोन बोटं खाली सरकवला.

"तिथे काही फरक पडायचा नाही, बाबा."

"उद्यापासून तुझ्या जागी दाब. आज इथे."

ती दाबत राहिली. गुडघा दुखायचा तो दुखतच होता. मास्तरांनी पाय काही काढून घेतला नाही.