पार्लरमधलं झाड

नर्सरीवाल्याने आधी तिला रबरप्लांट दाखवला, मग मोठ्या भोकाभोकांच्या पानांचा मॉन्स्टेरा दाखवला. "ताई, हे घ्या. कुठेही ठेवा, कसंही वागवा, मरायचं नाव घेणार नाही."

"मग नको," ती म्हणाली.

तो गोंधळला. तिने कोपऱ्यातल्या माणसाएवढ्या उंच झाडाकडे बोट केलं. पसरट, चकचकीत, सुपाएवढी पानं.

"ते फिडल-लीफ. दिसायला राजा, पण फार नखरेल. जागा बदलली की रुसतं. एसीचा झोत नको, पाणी जास्त नको, उजेड भरपूर हवा. भले भले रडवलेत त्याने."

"हेच द्या. भेट द्यायचंय."

भेट होती नणंदेला. लग्न होऊन, दोन मुलं होऊनही घरात सगळे तिला अजून छकुलीच म्हणत. छकुलीचं नवं ब्युटी पार्लर उघडणार होतं: भिंतभर आरसे, पुढे अख्खी काच.

छकुलीच्या या वहिनीचं बाळ गेलं त्याला बराच काळ लोटला होता. तेव्हा भेटायला आलेल्या बायका बाहेर बसल्या होत्या, ती आत चहा गाळत होती, आणि छकुलीचा आवाज स्पष्ट आत आला, "वहिनीच्या हाताला काही जगतच नाही. साधी तुळस कधी धरली नाही तिच्याकडे." कोणीतरी च्च च्च केलं. वहिनीने चहा बाहेर नेऊन सगळ्यांना दिला, छकुलीलाही. तेव्हापासून ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं.

उद्घाटनाच्या दिवशी झाडाचं काय कौतुक झालं! छकुलीने वहिनीला मिठी मारली आणि झाड नेमकं एसीखाली उभं केलं. वहिनीने ते बघितलं आणि पेढा तोंडात टाकला.

थोड्याच दिवसांत फोन आला. "वहिनी, पानांवर तपकिरी डाग पडलेत गं. बघून जा ना."

ती गेली. कुंडीत बोट घातलं तर माती गच्च ओली. "तहानलंय बिचारं," ती म्हणाली. "रोज तांब्याभर घाल. आणि एका जागी कंटाळतं, अधूनमधून हलवत जा."

छकुलीने मनापासून केलं. रोज पाणी घातलं, आज आरशापाशी तर उद्या काउंटरपाशी हलवलं. पानं टपाटप गळायला लागली. एकदा वहिनी मुद्दाम भुवया करून घ्यायला गेली, तेव्हा शेजारच्या खुर्चीतली बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं, केसगळतीवर उपाय करता आणि दारातच टक्कल!" पार्लरभर हशा पिकला. छकुलीचे कान लाल झाले. वहिनीने डोळे मिटून घेतले. दोरा कातडीला चिमटे घेत होता, तरी तिला गुदगुल्या होत होत्या.

गिऱ्हाईक गेल्यावर छकुली स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. "काय चुकतंय गं माझं? तू सांगितलंस तस्संच केलं."

"हो ना. म्हणूनच मरतंय ते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मुद्दाम निवडलं. मुद्दाम चुकीचं सांगितलं. तुझ्या हाताला काही जगत नाही, हे चार बायकांनी बघावं म्हणून."

छकुली उठून उभी राहिली. "मी काय केलं गं तुझं?"

वहिनीने सांगितलं. बाळ, चहा, बाहेरच्या बायका, शब्दन् शब्द. छकुलीने कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "असं म्हटलं होतं मी? खरंच आठवत नाही गं."

ती खोटं बोलत नव्हती. तेच जास्त झोंबलं. वहिनी इतके दिवस ज्या वाक्याबरोबर झोपली-उठली, ते बोलणारीच्या डोक्यात एक दिवसही राहिलं नव्हतं. तिने पर्स खांद्याला अडकवली, कुंडी उचलली आणि नव्याने येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या देखत ते उघडं-बोडकं झाड रिक्षात आडवं घातलं.

घरी तिने सडलेल्या मुळ्या कापल्या, कोरडी भुसभुशीत माती भरली, खिडकीपाशी ठेवलं आणि पुन्हा म्हणून हलवलं नाही. माती वाळल्याशिवाय थेंबभर पाणी नाही. शेंड्याला हिरवी टोकं फुटली, तेव्हा फोटो काढून छकुलीला पाठवला. पुढच्या पानाचाही पाठवला. त्याच्या पुढच्याही.

शेवटी छकुली घरी आली. रडली, हात धरून माफी मागितली. वहिनीने चहा केला, सगळं ऐकून घेतलं, पण 'जाऊ दे' हे दोन शब्द काही तोंडातून काढले नाहीत.

ती गेल्यावर नवरा म्हणाला, "माफी मागितली ना तिने. आता तरी विसर."

"ती विसरलीच आहे की. कोणीतरी लक्षात ठेवायला नको?"

 तो कप उचलून मोरीकडे गेला. तिने ओलं फडकं घेतलं आणि पानांवरची धूळ पुसू लागली.