काठोकाठ भरलेली टाकी

साहेब, तुम्ही माझा गळा आवळलात, तोही पाणी पाजून. नाकबूल करू नका. तुमच्या सहीचा कागद माझ्या झाकणावर चिकटवलेला आहे.

मित्रांनो, मी एका अडतीस मजली इमारतीच्या गच्चीवरची जुनी टाकी आहे. माझं पाणी कुणाच्या नळाला जात नाही. भूकंपात इमारत डोलते. ती एका बाजूला गेली की माझं पाणी मागे रेंगाळतं आणि उलट्या भिंतीवर जाऊन आदळतं. या ओढाताणीत इमारतीचा झोका मोडतो. पण पाण्याला धावायला मोकळी जागा लागते. मला बांधणाऱ्या इंजिनिअरबाईंनी महिनाभर इमारतीचा झोका मोजला आणि मग माझ्या पोटात लाल रेघ ओढली. गुडघाभर पाणी, वर सगळं रिकामं.

सतरा वर्षं पंपवाल्या मावशींनी ती रेघ राखली. पाणी बोटभर आटलं तर बोटभरच घालायच्या. नऊ वर्षांपूर्वी जमीन हलली, तेव्हा समोरच्या इमारतीच्या भिंती फाटल्या. आमच्याकडे कपाटातल्या कपबश्या वाजल्या, बस्स. लोक वर येऊन माझ्या अंगावर थाप मारून गेले. मग विसरले.

या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले आणि सोसायटीचे नवे अध्यक्ष, म्हणजे हे साहेब, वर आले. झाकण उघडून म्हणाले, "एवढी मोठी टाकी आणि अर्धीसुद्धा नाही? मावशी, झोपा काढता का?"

"तिला तशीच ठेवायची असते, साहेब. भरली तर पाणी हलणार नाही."

"पाणी काय नाचायला ठेवलंय? टँकर मागवा, काठोकाठ भरा. अडीनडीला बादल्यांनी काढू."

"मग तसं लिहून द्या."

साहेबांनी उभ्याउभ्या लिहून दिलं. शिवाय पाणी सोडायच्या माझ्या खालच्या तोटीला कुलूप घालून चावी स्वतःच्या खिशात टाकली.

गेल्या आठवड्यात जमीन जराशीच हलली. मी धावायला गेले, पण जागाच नव्हती. माझं पाणी दगडासारखं बसून राहिलं आणि इमारत किती तरी वेळ झुलत राहिली. एकोणतिसाव्या मजल्यावर चौकट वाकडी होऊन दार अडकलं. आतल्या आजोबांना मावशींनी पहारीने दार उचकटून बाहेर काढलं.

"चावी द्या साहेब, पाणी सोडते," मावशी तशाच धुळीच्या हातांनी म्हणाल्या.

"मीटिंगमध्ये ठरवू," साहेब म्हणाले.

मित्रांनो, एखादी वस्तू रिकामी दिसली म्हणून ती बेकार नसते. तिला हात लावण्याआधी, तिला रोज सांभाळणाऱ्या माणसाला विचारत जा.

कालपासून जमीन चार वेळा थरथरली. खाली कुणाला कळलंही नाही. मला कळलं. पाचवी खेप केवढी असेल, ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. साहेब, तुमचा फ्लॅट इथे असला तरी तुम्ही स्वतः पलीकडच्या एकमजली घरात राहता. इथे अडतीस मजल्यांवर लेकरंबाळं, म्हातारीकोतारी आहेत. मावशी आत्ता तुमच्या दारात उभ्या आहेत. चावी देता की नाही, तेवढं बोला.