एका हाताचं काम

ऑफिसच्या काचेच्या टेबलावर पुठ्ठा पसरून पोरीनं कातरीनं मोबाईलच्या मापाचे तुकडे कापायला घेतले. शेजारचे कॉम्प्युटरवाले हसले. हसू देत. आत्याच्या कारखान्यात पिशव्या शिवून हात तयार झालेला तिचा. पुठ्ठ्याचा नमुना मुठीत धरल्याशिवाय तिला पुढचं सुचायचंच नाही.

इथं ती दुकानदारांनी, कारखानदारांनी माल मागवायचं अ‍ॅप बनवत होती. स्क्रीन पास झाली तर नोकरी पक्की, नाहीतर परत आत्याकडे. आत्यानं तिचं मशीन झाकूनच ठेवलेलं. येशील फिरून, म्हणायची. जे हातात धरता येत नाही, ते कसलं आलंय काम?

घोडं अडलं होतं बटणांपाशी. साहेब म्हणायचे, सगळ्यांची वर असतात, आपलीही वरच हवीत. हिनं आणून ठेवलेली खाली, अंगठ्यापाशी. कारखान्यात आत्याची रीतच तशी. नवी पिशवी झाली की डाव्या काखेत कापडाचा तागा मारायचा आणि उजव्या हातानं पिशवी उघडायची. दुसरा हात लागला, की चालली पिशवी उसवायला.

शेवटी साहेब म्हणाले, एखादं खरं गिऱ्हाईक आणा, बघू.

तिनं आत्यालाच आणलं. वाघाच्या तोंडात हात घालायचा तो पुरताच घालावा. आत्या आली ती काखेत पिशव्यांचा गठ्ठा घेऊनच. साहेबांनी खुर्ची पुढं केली, गठ्ठा ठेवा म्हणाले.

"राहू दे. दुकानात काय मी खुर्ची घेऊन फिरते?"

पोरीनं आपला मोबाईल तिच्या उजव्या हातात दिला आणि स्वतः मागं सरकली. मधे बोलायचं नाही, हीही आत्याचीच शिकवण. अंगठा फिरला. दोऱ्याची रिळं. चेन. बकलं. मग थांबला. पोरीनं ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली. अंगठा जरासा खाली सरकला आणि माल नोंदवल्याची टिंग वाजली.

साहेबांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलून मुठीत धरून पाहिला.

"खालीच राहू द्या," ते पोरीला म्हणाले. "आणि तुम्हीही राहा. कायमच्या."

पिशवीला चांगली म्हणणं आत्याच्या रक्तातच नव्हतं. पसंत पडली की तीत स्वतःचा डबा टाकायची आणि चालू लागायची.

आताही तिनं मोबाईल आपल्या पिशवीत टाकला आणि दाराकडे निघाली.

"आत्या, तो माझाय."

"असू दे." ती वळलीसुद्धा नाही. "आणि उद्यापासून तुझ्या मशीनवर दुसरी बाई बसवतेय. उगाच धूळ खातंय."