मंत्र्यांच्या मागचा बाक

मित्रांनो, शाळेत तुम्ही बाक वाजवला की तुम्हाला वर्गाबाहेर उभं करतात. मी जिथे नोकरीला होतो, तिथे बाक वाजवला की मंत्री करतात. तेव्हा मोठं होण्याआधी, कुठे काय वाजवायचं याची नीट चौकशी करून ठेवा.

मी एक जुना बाक आहे आणि मला राग आलेला आहे. बाकाला कसला आलाय राग, असं तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल. त्याने वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कौतुकासाठी मार खाऊन बघावा, मग आपण बोलू.

लहानपणी मी झाड होतो. झाड असताना कोणी काहीही विचारलं तरी मी उत्तर देत नसे, नुसता डुलत असे. म्हणजे मंत्री होण्याची पात्रता माझ्यात तेव्हापासूनच होती. पण त्याआधी मला सुतारकाकांनी गाठलं.

सुतारकाकांचं दुकान एका उतरत्या गल्लीत होतं. शेजारी घड्याळवाले, समोर बूटवाले, कोपऱ्यावर छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करणारी एक आजी. जगात जे काही मोडायचं ते या गल्लीत यायचं आणि धड होऊन परत जायचं. काकांनी मला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि खाचेत खुंटी बसवून माझे सांधे जोडले. बसायची फळी आणि समोरची उतरती फळी एकाच सांगाड्यात, अगदी तुमच्या शाळेतल्या बाकासारखी.

"बाबा, याच्यावर कोण बसणार?" काकांच्या मुलीने विचारलं.

"मोठी माणसं."

"मग फळी जरा जाड घाला."

मला सभागृहात नेलं आणि मंत्र्यांच्या बरोबर मागच्या रांगेत ठेवलं. ही फार मानाची जागा. इथे बसणाऱ्याचं तोंड मंत्र्यांच्या खांद्यावरून टीव्हीत दिसतं, त्यामुळे त्याच्या सासुरवाडीला तो जागा आहे की झोपला आहे ते कळतं. समोर, मधल्या मोकळ्या जागेपलीकडे, विरोधी पक्षाचे बाक. मध्ये उंच खुर्चीवर अध्यक्ष.

सभागृहात टाळ्या वाजवायला बंदी आहे. टाळीने म्हणे सभागृहाची शान जाते. म्हणून एखाद्याचं बोलणं आवडलं की माणसं समोरचा बाक बडवतात. त्याने शान वाढते. हा नियम ज्याने केला त्याने बाकाला विचारलं नव्हतं.

खरं सांगतो, सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटलं नाही. तेव्हा एक वयस्कर मंत्री होते. एकदा विरोधकांनी त्यांना हातगाडीवाल्यांवरच्या करावरून धारेवर धरलं. ते डोकं खाजवून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हे आमचं चुकलंच. उद्या बदलतो." मग दोन्हीकडचे बाक वाजले, हलकेच, बोटांच्या पेरांनी. त्या दिवशी मार खायला मला आवडलं. ते मंत्री पुढच्या निवडणुकीत पडले. त्यांच्या जागी जे आले त्यांनी चुका कबूल करायची पद्धतच मोडीत काढली.

नव्या मंत्र्यांकडे कर आणि उद्योग अशी दोन्ही खाती होती आणि उत्तर एकही नव्हतं. पण त्यांच्याकडे चष्मा होता. अडचणीचा प्रश्न आला की ते आवाज चढवून एक वाक्य अर्धं बोलायचे आणि झटकन चष्मा काढायचे. चष्मा निघाला की मागच्या सगळ्या रांगांनी बाक बडवायचे, असं ठरलेलं होतं. तो गडगडाट थांबेपर्यंत मंत्री खाली बसलेले असत. उरलेलं अर्धं वाक्य कुठे जाई, देव जाणे.

माझ्यावर जे बसत त्यांना सगळे होकारभाऊ म्हणत. भाऊंचा पंजा फावड्याएवढा, त्यात जाडजूड अंगठी. ते भाषण ऐकत नसत. फक्त चष्म्याकडे बघत बसत. एकदा मंत्री नाक शिंकरायला चष्मा काढून बाजूला ठेवते झाले, तर भाऊंनी त्या शिंकरण्याचंही दणक्यात स्वागत केलं.

हळूहळू माझी फळी चिरली. सांधे कुरकुरायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं की मी आता बाक उरलेलो नाही. मी म्हणजे उत्तराच्या जागी काढलेला आवाज आहे. समोरून कोणीतरी पोटतिडकीने विचारतंय, आणि त्याला गप्प करायला मला वापरतायत. राग येणार नाही तर काय होईल?

सभागृहाच्या सुट्टीत सुतारकाकांची मुलगी डागडुजीला यायची. काकांचे हात आता थरथरत, म्हणून दुकान तीच चालवत होती. सगळे तिला सुतारताई म्हणत. माझी खुंटी ठोकताना ती पुटपुटायची, "काय रे, पुन्हा कोणाचं कौतुक झालं वाटतं?"

मग एके दिवशी दुरुस्तीचा नियम आला. मोडलेली वस्तू दुरुस्त केली की ती नवी समजायची, आणि नव्या वस्तूवरचा पूर्ण कर दुरुस्त करणाऱ्याने भरायचा. नवीन माल काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांना मात्र करात सूट. नियम महिनाअखेरीनंतर लागू होणार होता आणि अधिवेशनाचा शेवटचा दिवस उजाडला होता. त्या दिवशी दुरुस्तीची दुकानं नियमातून वगळली नाहीत, तर पुढच्या अधिवेशनापर्यंत त्या उतरत्या गल्लीत शटर वर करायला कोणी उरणार नव्हतं. सुतारताई वर प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली होती. शेजारी छत्रीवाल्या आजी.

प्रश्नोत्तराच्या तासाला विरोधी बाकांवरून चिमटाताई उठल्या. हे नाव त्यांना आमच्याच बाजूने ठेवलं होतं, कारण त्यांचे प्रश्न छोटे असत आणि बरोबर नाजूक जागी लागत.

"अध्यक्ष महोदय, छत्रीची काडी बदलली तर छत्री नवी होते का?"

मंत्री उठले. "होय. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"बुटाला टाच लावली तर?"

"बूट नवा."

"आणि दुसऱ्या पायातला?"

"तो जुनाच. मात्र तो जोडीतला असल्यामुळे त्याच्याबाबत माहिती घेण्यात येत आहे."

"दाढ भरून घेतली तर माणूस नवा होतो का हो?"

"सन्माननीय सदस्यांनी तो प्रश्न आरोग्य खात्याला विचारावा."

मित्रांनो, हे सांगताना मंत्र्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. हसले असते तर मी एक वेळ माफ केलं असतं.

"कारखान्यांना सूट कशासाठी?" चिमटाताईंनी विचारलं.

"उद्योगाला चालना देण्यासाठी."

"आणि दुरुस्ती हा उद्योग नाही?"

"दुरुस्ती ही एक सवय आहे," मंत्री म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला.

धडाड! भाऊंचा पंजा माझ्यावर आदळला. सगळ्या रांगा गडगडल्या. वर सज्जात आजी काहीतरी ओरडल्या, ते कोणालाच ऐकू गेलं नाही. सुतारताई मंत्र्यांकडे बघतच नव्हती. ती माझ्या चिरलेल्या फळीकडे बघत होती.

गडगडाट ओसरला तरी चिमटाताई उभ्याच. "वाजवून झालं? आता ऐका. या गल्ल्यांमधून माणसं मोडक्या वस्तू जोडून घरं चालवतात. तुमच्या नियमाने एका झटक्यात त्यांच्या पोटावर पाय येणार आहे, आणि तो तुम्ही जाणूनबुजून देताय!"

मंत्र्यांना दरदरून घाम फुटला होता. काच धुरकट झाली. त्यांनी पुसायला म्हणून चष्मा काढला.

धडाड! धडाड! धडाड!

सत्ताधाऱ्यांच्या सगळ्या रांगांनी चिमटाताईंच्या आरोपाचं कडकडून स्वागत केलं. भाऊ तर दोन्ही हातांनी. मंत्री वळून "अरे, थांबा!" असं म्हणत होते, पण त्यांच्या हातात चष्मा होता, आणि चष्मा हातात असेपर्यंत थांबायचं नाही अशी त्यांचीच ताकीद होती. शेवटी त्यांनी घाईघाईने तो उलटा नाकावर चढवला, तेव्हा कुठे शांतता झाली.

"अध्यक्ष महोदय," चिमटाताई म्हणाल्या, "एवढं एकमत मी माझ्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं."

अध्यक्षांनी ओठ घट्ट दाबून धरले. "सभागृहाची भावना लक्षात आली. मंत्री महोदय, दुरुस्तीची दुकानं वगळणार का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

मंत्री उठले. "मी या सभागृहाला अत्यंत जबाबदारीने सांगू इच्छितो की..." आवाज चढला. चष्मा निघाला.

आणि कोणीच वाजवलं नाही.

भाऊंचा पंजा हवेतच थांबला. वाजवावं की न वाजवावं? मघाशी वाजवलं तर साहेब चिडले. सगळ्या रांगा भाऊंकडे बघत होत्या आणि भाऊ साहेबांकडे. मंत्री तोंड उघडं ठेवून गडगडाटाची वाट बघत राहिले. तो येईना. मित्रांनो, एवढी शांतता मी झाड असतानाही ऐकली नव्हती. त्या शांततेत उरलेलं अर्धं वाक्य बोलावंच लागणार होतं, आणि त्यांना ते पाठ नव्हतं. मग त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं.

"...की माणसं जुनंच दुरुस्त करत बसली, तर कारखान्यांचं नवं घेणार कोण? त्यांनी सांगितलं म्हणूनच तर केला हा नियम. नाही वगळणार."

इतक्या वर्षांत या मंत्र्यांकडून सभागृहाला मिळालेलं हे पहिलं पूर्ण उत्तर. आणि एवढ्यात, वाक्य एकदाचं संपलं या आनंदात, होकारभाऊंनी दोन्ही पंजे उचलले आणि जीव खाऊन माझ्यावर मारले.

या वाक्यासाठी? मी म्हटलं, या वाक्यासाठीही मीच वाजायचं?

मी मुद्दाम मोडलो असं म्हणणार नाही. बाकाला मुद्दाम काही करता येत नाही. पण मी धरूनही ठेवलं नाही. खुंटी निसटली, फळी कडाडली आणि होकारभाऊ मंत्र्यांच्या पाठीवर जाऊन पडले. पक्षाने त्यांना नेहमी सांगितलं होतं की साहेबांच्या पाठीशी राहा. इतक्या जवळून ते पहिल्यांदाच राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मंत्र्यांचं वाक्य छापून आलं. मंत्री म्हणाले, ते वाक्य संदर्भ सोडून घेतलं. कोणता संदर्भ, हे विचारायला सभागृह उघडं नव्हतं. नियम लागू झाला.

मला व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं. सुतारताई हत्यारांची पिशवी घेऊन आली. सामानखात्याच्या साहेबांनी तिला अडवलं.

"ताई, तुमच्या हाताला तोड नाही. पण तुम्ही याला हात लावलात की हा नवा होतो."

"होऊ द्या की. वाईट काय त्यात?"

"तसं नाही हो. नवा घ्यायला परवडतो. नवा व्हायला परवडत नाही."

ताईने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "भंगारात टाकणार असाल, तर मला द्या."

माझ्या जागी कारखान्याचा नवा बाक आला. भुसा दाबून केलेला. म्हणे तो वाजवला की पुठ्ठ्यासारखा फसकन आवाज येतो. मला त्याची दया येते, पण थोडीच.

हल्ली मी उतरत्या गल्लीत, ताईच्या बंद दुकानासमोर, विटांवर टेकून उभा आहे. ती मला दुरुस्त करू शकत नाही. तिचाच बाक, तिचीच खुंटी, तिचाच हातोडा, आणि एक घाव घातला तर कर. घड्याळवाले शहरापलीकडे पहारेकऱ्याची नोकरी करतात. बूटवाल्यांच्या शटरवर नव्या बुटांची जाहिरात लागली आहे. राग आवरता येत नाही मित्रांनो, आणि आवरावा असं मला वाटतही नाही.

परवा चिमटाताई गल्लीत आल्या. पुढच्या अधिवेशनात पुन्हा हाच प्रश्न विचारायचा, म्हणून प्रत्येकाचं म्हणणं त्यांना ऐकायचं होतं. त्या माझ्यावर बसल्या आणि उतारामुळे हळूहळू घसरत दुसऱ्या टोकाला बसलेल्या छत्रीवाल्या आजींच्या मांडीपर्यंत पोचल्या.

"बसा, बसा, बाकच तसा आहे," आजी म्हणाल्या. मग बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. स्टोव्ह बंद, छत्र्या बंद, नातवाच्या शाळेचं काय सांगू, असं म्हणत संतापाने त्यांनी माझ्यावर मारायला हात उगारला.

सुतारताईने तो वरच्या वर धरला. "आजी, त्याच्यावर नको. तोंडाने सांगा."

आजींनी सांगितलं. खूप वेळ लागला. मध्ये कोणी काही वाजवलं नाही.

तुमच्यापैकी कोणीतरी उद्या त्या सभागृहात जाऊन बसणार आहे. इकडे बसाल किंवा तिकडे, ते तुमचं तुम्ही बघा. माझी विनवणी एवढीच आहे, आणि ती मी रागानेच करतो. समोरच्याने प्रश्न विचारला की त्याचं उत्तर पूर्ण येऊ द्या. ते ऐकून लाज वाटली, तर बाकावर हात ठेवून उठा आणि तसं सांगा. एवढं वजन आम्ही बाक कितीही वर्षं उचलू.