खुर्ची गेली, पाटी राहिली

मी मतदारसंघ बोलतोय. हो, तोच, निवडणूक आली की ज्याचा सगळ्यांना उमाळा येतो आणि निकाल लागला की ज्याचं नावही कुणाला आठवत नाही. दक्षिण जर्मनीतल्या एका नदीकाठच्या शहराचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे मी. एका बाजूला नदी, मधून रेल्वेचे रूळ, टोकाला द्राक्षमळ्यांचा उतार, एवढं माझं अंग.

माझा जन्म महायुद्धानंतरचा. शहरातले ढिगारे अजून उपसले जात होते. काही अधिकारी एका गळक्या खोलीत नकाशा पसरून बसले, जवाची कडू कॉफी प्यायले आणि पेन्सिलीनं मला जन्माला घातलं. बारशाला एक नंबर दिला, तोही पुढं कितीदा तरी बदलला. माणसं वाढली की मला कापायचं, कमी झाली की ठिगळ जोडायचं. शिंप्याकडं टाकलेल्या विजारीसारखी माझी गत. मळ्यांकडचं गाव मला असंच मागाहून जोडलं. तिथले लोक अजून म्हणतात, "आम्ही काही शहरातले नाही हं!" मत मात्र इथंच टाकतात.

मोटारींचा कारखाना वाढला, तसे इटलीहून आणि तुर्कस्तानातून कामगार आले. वर्षानुवर्षं त्यांनी इथं घाम गाळला, पण त्यांना मत नव्हतं. आज त्यांचीच नातवंडं शाळेतल्या मतदान केंद्रात बसून मतं मोजतात. ते बघून मला फार बरं वाटतं.

खासदार म्हणाल तर नाना तऱ्हेचे पाहिले. एक जण भूछत्रासारखा फक्त निवडणुकीपुरता उगवायचा. एक शनिवारच्या बाजारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पेन वाटायचा. माझी माणसं मोठी हिशेबी! सगळ्या पक्षांचे पेन घेतात, सगळ्यांना गोड हसतात आणि मनात असतं त्यालाच मत देतात. पण कुणी का निवडून येईना, देशाच्या संसदेत माझी एक खुर्ची असायचीच. त्या खुर्चीचा मला मोठा तोरा होता.

मागच्या निवडणुकीला डोरोथेआ कूर्त्स उभी राहिली. इथंच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकवणारी. तिच्याच मजल्यावर, समोरच्या दारात गुड्रून श्टोल राहतात. लहानपणापासून त्या तिला लाडानं डोर्ले म्हणतात. श्टोलबाईंचे गुडघे कामातून गेलेले, आणि त्यांची तितकीच थकलेली बहीण एर्ना रुळांच्या पलीकडं राहते. मधल्या पादचारी पुलाची रेल्वेची लिफ्ट कधीची बंद. दोघी बहिणी रुळांच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना हात हलवायच्या आणि घरी जायच्या. डोरोथेआनं बाजारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मला निवडून द्या, ती लिफ्ट मी चालू करून घेईन."

रविवारी संध्याकाळी निकाल लागला. डोरोथेआ जिंकली! बटाट्याचं सॅलड आणि द्राक्षमळ्यातली वाइन घेऊन जिन्यावरचे सगळे शेजारी तिच्या घरात लोटले. आणि सोमवारी सकाळी फोन आला, जिंकलात खऱ्या, पण खुर्ची नाही.

त्याचं असं आहे. आमच्याकडं प्रत्येकाला दोन मतं असतात, एक माणसाला आणि एक पक्षाला. पूर्वी माणूस जिंकला की थेट संसदेत जायचा. आता नियम बदललाय. पक्षाच्या मतांवर खुर्च्या ठरतात, आणि त्या कमी पडल्या की थोडकी मतं मिळवून जिंकलेल्यांनी घरी बसायचं. माझ्याकडं पाच जणांत मतं वाटली गेली होती, त्यामुळं डोरोथेआ नेमकी रांगेच्या शेपटाला. बाकीचे उमेदवारही पक्षाच्या यादीतून आत गेले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी पोरका झालो. खरं सांगतो, रडू आलं मला.

डोरोथेआनं दार लावून घेतलं. पण आमच्याकडं जिन्याची एक रीत आहे. ज्याच्या दारावर 'झाडण्याची पाळी' असं लिहिलेली पाटी लटकते, त्यानं त्या आठवड्यात जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. झाडून झालं की पाटी पुढच्या दारावर. पाटी लटकत असून कुणी झाडलं नाही, तर त्याला गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही.

शनिवारी श्टोलबाईंनी तिचं दार ठोठावलं.

"डोर्ले, पाटी लागलीय दाराला. दिसली नाही वाटतं?"

"श्टोलबाई, आज नको हो. माझी खुर्ची गेली."

"खुर्ची गेली, जिना आहे ना जागेवर? घे झाडू."

बिचारी झाडायला लागली. श्टोलबाई कठड्याला धरून देखरेख करत होत्या.

"त्या कोपऱ्यात राहिलंय. आणि लिफ्टचं काय गं?"

"आता मी कोण विचारणारी?"

"निवडून आलीस ना?"

"आले."

"मग? लोकांनी काय तुझ्या खुर्चीला मत दिलं होतं?"

डोरोथेआनं रस्त्यापर्यंत सगळं लख्ख झाडलं आणि पाटी दारावरून काढली. पुढची पाळी श्टोलबाईंची. त्यांनी हात पुढं केला.

"थांबा," डोरोथेआ म्हणाली. "या आठवड्यात तुमची पाळी नाही."

पाटी काखोटीला मारून ती पुलाकडं निघाली. मागून श्टोलबाई काठी टेकत, "अगं, कुठं चाललीस? वेड लागलं का?" म्हणत. डोरोथेआनं सरळ त्या बंद लिफ्टच्या दारावर पाटी लटकवली आणि हात झटकले. श्टोलबाईंना इतकं हसू लोटलं की त्या काठीसकट खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पाटीचा फोटो गावभर. आमच्याकडं याहून मोठी नाचक्की नाही. रेल्वेचा एक बडा साहेब माझाच रहिवासी निघाला. त्याला वरिष्ठांचा फोन आला की नाही ठाऊक नाही, पण त्याच्या आईचा आला.

"तुमच्या दाराला पाटी लागलीय, आणि तू कॉफी पीत बसलास? मी बाजारात जाऊ कशी?"

नाताळच्या आत लिफ्ट चालू झाली आणि डोरोथेआनं पाटी उतरवून घरी आणली. श्टोलबाई वर गेल्या, पूल ओलांडून पलीकडच्या लिफ्टनं उतरल्या. एर्ना खाली उभीच होती. हात हलवायची सवय जडलेली, त्यामुळं श्टोलबाई अगदी समोर आल्या तरी ती हात हलवतच राहिली.

माझी खुर्ची अजून नाही. नियम काय तो मोठ्या लोकांनी ठरवावा. मी पडलो एक रेघ. पण तुमच्यापैकी कुणी बर्लिनला निघालंच, तर जाताना डोरोथेआकडून ती पाटी घेऊन जा. संसदेचं दार मोठं आहे, लांबूनही दिसेल अशी लटकवा. आणि काम झालं की परत आणून द्या बरं का, श्टोलबाईंची पाळी अजून बाकी आहे.