खिळ्यावरची डबी

करिष्माचा फोन आला तेव्हा भैयाजी रोवणा करणाऱ्या बायांना धानाच्या पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या पोचवत होता. "बाबा, आई नाई राह्यली," एवढंच लेक नागपूरच्या दवाखान्यातून बोलली. हातातली पेंढी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. ती घेऊनच तो घरी आला आणि ओसरीत भिंतीला पाठ लावून बसला. मग भिंतीकडे लक्ष गेलं तसा झटकन पुढे सरकला.

घर त्याने स्वतः उभं केलं होतं, कोळशाच्या राखेच्या विटांचं. गुणाबाईला पोटात कॅन्सर निघाला तेव्हा शेजारची कलाबाई बोलून गेली होती, "भाऊ, भट्टीची राख घरात आणली तुमी, ते सोडते का?" तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

म्हणूनच उन्हाळ्यात कॉलेजची रंजीता घराघरांतला किरणोत्सर्ग मोजायच्या डब्या घेऊन आली, तेव्हा पहिली डबी त्याने आपल्या घरी मागितली. आगपेटीपेक्षा लहान वस्तू, न आवाज न दिवा.

"इथी अणूचा कारखाना कुठी आहे वं?" गुणाबाईने विचारलं होतं.

"नाई, म्हणूनच मोजतो, बाई. माती, दगड, विटा, आभाळ, सगळीकडून थोडे थोडे किरण येतच असतात. नसतानाचं माहीत असलं तर असतानाचं कळते."

डबी खिळ्याला लागली. पंधरवड्याने करिष्मा आईला नागपूरला घेऊन गेली. भैयाजी शेतीसाठी मागे राहिला.

तेरवीनंतर रंजीता आली तेव्हा खिळा रिकामा होता. डबी गुणाबाईच्या दवाखान्याच्या थैलीत सापडली. "घरातच होती ना, भाऊ?"

"घरातली वस्तू, कुठी जाईन?" भैयाजी म्हणाला. खिळ्यावरून पडली असेल, गुणाबाईने उचलून ठेवली असेल, असं त्याला वाटलं.

लोंब्या येऊन धान निसवायच्या सुमारास रंजीता डबी तपासून परत आली. चहा घेतला नाही. "भाऊ, आकडा लय मोठा आहे. घरात असा येत नाई."

भैयाजी उठून अंगणात गेला. "म्हणजे मीच मारली तिले."

"थांबा ना, भाऊ. डबी खरंच इथीच होती?"

त्याने करिष्माला फोन लावला. ती आधी हसली, मग रडायला लागली. "बाबा, ते डबी आईच्या पोलक्याले पिन लावून होती! निकेशच्या बिल्ल्यासारखी."

जावई निकेश दूर अणुवीज केंद्रात फिटर. कामावर छातीला किरण मोजायचा बिल्ला लावतो. गुणाबाई लेकीला म्हणाली होती, "जावयाचा बिल्ला त्याच्यासंग फिरते. मंग माही डबी भिंतीले काऊन? भिंत कुठी जाते?" दवाखान्यात किरणांचा शेक घ्यायलाही ती तशीच गेली. नर्सबाईला तो ताईत वाटला. मशीन किरण सोडायचं तेव्हाही डबी अंगावरच होती.

"मंग तो आकडा शेकाचा आहे," रंजीता म्हणाली. "घराचा त्याच्यातून कळणार नाई."

"घरानं नाई केलं म्हणतेस?"

"बहुतेक नाई, भाऊ. विटांतून येते ते थोडंसं असते. पण न मोजता मी तुमाले खोटं सांगू शकत नाई."

भैयाजीला पहिल्यांदा हसू आलं. "लय हट्टी होती. सांगितलं ते कधी ऐकलं नाई."

जाताना रंजीताने नवी डबी दिली. खिळ्याला लावून तीन महिने हलवायची नाही, असं बजावलं. भैयाजीने ती अंगणातल्या तुळशीच्या कोनाड्यात ठेवली.

धान कापून झालं. तो अजून आत न जाता ओसरीतच निजतो. दोनदा डबी घेऊन खिळ्यापाशी गेला आणि आकडा मोठाच निघाला तर, या धाकाने परत फिरला. डबी अजून कोनाड्यातच आहे. घराचं मोजणं राहिलं आहे.